शाळेच्या फाटकापुढचा रस्ता

जून उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे बालरुग्ण वाढतात. पहिले जुलाब-उलट्यांचे. त्यांच्याविषयी या सदरात दरवर्षी लिहितो, यंदाही लिहीनच. दुसरे असतात ते शाळेच्या वाटेवर पडलेले, धडकलेले, चाकात सापडलेले. कोणाची हनुवटी फुटलेली, कोणाची टाच सोललेली, कोणाचे मनगट मोडलेले. सकाळी साडेदहाच्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास दवाखान्याच्या पायरीवर गणवेशातले मूल आणि त्याला उचलून आणणारी दोन-चार माणसे दिसली, की आमचा कंपाउंडर न विचारता टाक्यांचा ट्रे काढून ठेवतो.

आज या दुसऱ्या प्रकाराविषयी लिहायचे आहे. वाहतूक हा पोलिसांचा विषय, डॉक्टरने औषधपाण्याचे बोलावे, असे काही वाचक म्हणतील. पण घटसर्प, गोवर, डांग्या खोकला यांना लशींनी बरेच मागे रेटले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण आता रस्त्यावरचा अपघात हे आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या आसपास होती. एखाद्या तापाने इतकी मुले गेली असती तर गावोगाव फवारणी झाली असती.

माझ्या मनात हा विषय घर करून बसला तो २००४ सालच्या जुलैत. आमच्या तालुक्याच्या गावातली एक शाळा सुटली होती. बाहेर नेहमीची गर्दी, पावसाची भुरभुर, पालकांच्या गाड्या, रिक्षा. दुसरीतला एक मुलगा दोन उभ्या रिक्षांच्या मधून पलीकडे जायला बाहेर आला. त्याच वेळी एक बाई आपल्या मुलीला मागे बसवून स्कूटी वळवीत होत्या. त्यांचा वेग सायकलहून फारसा जास्त नव्हता. मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला म्हणून त्यांनी घाई केली, एवढेच. स्कूटीचा धक्का लागून मुलगा पडला आणि त्याची कानशिलाची बाजू गटाराच्या कठड्यावर आपटली. तो आपणहून उठला, रडला, मग शांत झाला. त्याच्या आजी त्याला माझ्याकडे घेऊन आल्या.

"डॉक्टरसाहेब, रगात काय आलं न्हाई, पर पोरगं लई भ्यालंय," आजी म्हणाल्या.

मी पाहिले. डाव्या कानाच्या वर थोडेसे खरचटले होते, बारीक टेंगूळ होते. मुलगा नाव नीट सांगत होता, चालत होता. बाहेर पंचवीस-तीस पेशंट बसले होते. मी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि म्हणालो, "काही नाही झालं आजी, खेळू द्या त्याला." आजींनी हात जोडले आणि त्या गेल्या.

संध्याकाळी सातला मुलाला उलटी झाली. घरच्यांना वाटले, मधल्या सुट्टीत खाल्लेला वडापाव बाधला. पुन्हा एक उलटी झाली, मग तो 'डोकं दुखतंय' म्हणत झोपला. दमलाय, झोपू दे, असे सगळ्यांनी ठरविले. रात्री अकराला वडील शेतावरून आले. त्यांनी हाक मारली तर मुलगा उठेना, नुसता घोरत होता. त्यांनी त्याला खांद्यावर टाकून माझ्या घरी आणले. दिव्याखाली पाहिले तर डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी झालेली. माझे हातपाय गार पडले. जीप मिळवून त्याला मिरजेला नेला, पहाटे शस्त्रक्रिया झाली. मुलगा वाचला. पण मेंदूवर फार वेळ दाब राहिल्यामुळे त्याच्या उजव्या हाताची ताकद पुरती परत आली नाही. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. आज त्याचे स्वतःचे दुकान आहे, सुटे पैसे तो डाव्या हातानेच परत करतो. मला पाहिले की हसतो. आपल्याला काय झाले होते यातले त्याला काही आठवत नाही.

या प्रकाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि मी ते परीक्षेला लिहून मार्क मिळवलेले होते. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. मार बसून ती फाटली की कवटी आणि मेंदूवरचे जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. बाहेर थेंबही दिसत नाही. मूल सुरुवातीला शुद्धीवर असते, बोलते, खेळतेसुद्धा. काही तासांनी रक्ताची गाठ मोठी होऊन मेंदू दाबला जातो आणि मग उलटी, गुंगी, बेशुद्धी असा क्रम लागतो. मधला तो चांगला वाटणारा काळ फसवा असतो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. त्या दुपारी मला खास उपचार करायचे नव्हते. आजींना काय पाहायचे ते सांगायला हवे होते, आणि तेवढेच मी केले नाही. रिक्षावाला घाईत होता, त्या बाई घाईत होत्या, आणि मीही घाईतच होतो.

तेव्हापासून डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकाला मी एक छापील कागद देतो. त्यात लिहिलेले येथे देतो. कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावे. मार लागल्यापासून किमान चोवीस तास मुलावर नजर ठेवावी. मुलाला झोपू द्यायला हरकत नाही, पण पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी हाक मारून उठवावे, ते ओळखते का, नीट बोलते का पाहावे. भीतीने एखादी उलटी होऊ शकते. पुन्हा झाली तर वाट पाहू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, न थांबणारी चिडचिड, गुंगी, बरळणे, झटका येणे, चालताना झोक जाणे, एका हातापायात कमजोरी, एक बाहुली मोठी दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. जाताना मुलाला खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. आणि अपघातानंतर जे काही तासांत झाले त्याचा दोष वडापावला देऊ नये.

डोक्यासारखीच फसवणूक पोटाची. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या मोडत नाहीत, वाकतात. म्हणून हाड शाबूत राहून आतल्या फुप्फुसाला, यकृताला, प्लीहेला इजा होते. गाडीचा धक्का कमरेच्या वर लागला असेल, मूल पांढरेफटक पडले असेल, नाडी जलद असेल, पोट दुखत असेल किंवा डावा खांदा विनाकारण दुखत असेल, तर ओरखडा नसला तरी ती गंभीर गोष्ट समजावी. रडणारे मूल एकदम गप्प झाले म्हणजे त्याला बरे वाटले, असे नेहमीच नसते.

आता मूळ प्रश्न. मुले गाडीखाली येतात तरी कशी? आपले ठरलेले उत्तर असते, 'पोरगं बघितल्याशिवाय पळालं.' पळाले हे खरे. पण बघितले असते तरी त्याला काय दिसले असते?

स्वीडनमध्ये स्टीना सँडेल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात लहान मुलांचा रस्त्यावरच्या वागण्याच्या दृष्टीने बारकाईने अभ्यास केला. लहान मुलाला शिकवून शिकवून रहदारीला योग्य बनवता येत नाही, रहदारीच मुलांना योग्य बनवावी लागते, असा त्यांच्या कामाचा रोख होता. पुढे २०११ साली लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे या महाविद्यालयातील संशोधकांनी प्राथमिक शाळेतील मुलांची दृष्टी याच अंगाने तपासली. समोरून येणारी वस्तू जवळ येते तशी मोठी दिसत जाते, आणि त्या मोठे होण्यावरून आपण तिचा वेग ओळखतो. मोठ्या माणसाला हे बरेच साधते. मुलांना मात्र ताशी वीस मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने येणारी गाडी आपल्याकडे येते आहे हे खात्रीने ओळखता येत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे गाडी जितकी जास्त वेगात, तितकी ती मुलाला उभी असल्यासारखी वाटण्याची शक्यता जास्त! आपण मात्र मुलाला म्हणतो, 'डोळे फुटले होते का?'

त्यात उंची. दुसरीतले मूल साडेतीन-चार फुटांचे. उभ्या जीपच्या मागून त्याला रस्ता दिसत नाही आणि चालकाला ते दिसत नाही. पावसाळ्यात रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली की दोन्ही बाजू बंद. घोड्याच्या डोळ्यांवर झापडे असावीत तसे मूल फक्त नाकासमोर पाहते. पालकांनी रेनकोट घेताना पारदर्शक कडेची टोपी असलेला घ्यावा, रंग पिवळा किंवा नारिंगी घ्यावा, काळा-निळा नको. हे फार खर्चाचे काम नाही.

आणि वेग. यात थोडे गणित आहे, पण कंटाळू नये. मूल आडवे आलेले दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या सेकंदात ८ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी त्याच एका सेकंदात १४ मीटर गेलेली असते, म्हणजे जिथे पहिली गाडी थांबून उभी राहिली तिथे दुसरीच्या चालकाने ब्रेकवर अजून पायही दाबलेला नसतो. तेरा मीटरवर मूल असेल तर पहिल्या गाडीच्या चालकाच्या तोंडून फक्त शिवी येईल आणि दुसरी गाडी पूर्ण वेगाने मुलावर जाईल. ३० च्या वेगाची धडक ही साधारण पहिल्या मजल्यावरून पडण्याइतकी असते आणि ५० ची तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी. हे मी वडीलधाऱ्यांना सांगतो तेव्हा ते 'पन्नास म्हणजे काय वेग आहे का!' म्हणून हसतात. २०२० साली स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेत माणसे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा असावी असे ठरले, ते याच गणितावरून.

शाळेपुढे गाड्या कोणाच्या असतात? ट्रक आणि एस.टी. असतात, नाही असे नाही. पण शाळा सुटायच्या वेळी दहा मिनिटे उभे राहून मोजून पाहावे. निम्म्याहून जास्त गाड्या पालकांच्याच असतात. आपले लेकरू फाटकाच्या अगदी तोंडाशी उतरले पाहिजे, त्याला पन्नास पावले चालावे लागू नये, म्हणून प्रत्येक जण गाडी आत घुसवतो, आणि त्या प्रयत्नात दुसऱ्याच्या लेकराला आडवा जातो. चुकीच्या बाजूने येणारेही पालक, फोन कानाला लावून वळणारेही पालक. मी दोन मुलींचा बाप म्हणून हे सगळे केलेले आहे, त्यामुळे बोट दाखविताना माझे मलाच ओशाळल्यासारखे होते.

दुचाकीवर मूल कसे बसवतात हेही पाहण्यासारखे. एक पुढे उभे, एक मध्ये, एक मागे, आणि दप्तरे हँडलला. पुढे उभे असलेल्या मुलाची हनुवटी हँडलच्या उंचीला येते. अचानक ब्रेक लागला की तीच आपटते. मी घातलेल्या हनुवटीच्या टाक्यांपैकी निम्म्या तरी अशा आहेत, आणि त्यांत कोणाशी धडक झालेली नव्हती. नुसते कुत्रे आडवे गेले होते.

मागे बसलेल्या मुलाची टाच हा तर वेगळाच विषय. पाय टेकायच्या जागेपर्यंत पाय पोहोचत नाही, तो लोंबकळतो आणि चाकाच्या तारांत जातो. आजी-आजोबांच्या सायकलवर हे व्हायचे, मोटारसायकलवर जास्त जोरात होते. जखम पहिल्या दिवशी लहान दिसते, कातडे जागच्या जागी असते, आईवडील हळद नाहीतर चहाची पूड दाबून घरीच बसतात. टाचेचे कातडे आतून चेचलेले असते, तिथला रक्तपुरवठा मुळातच कमी. चौथ्या-पाचव्या दिवशी ते काळे पडते, मग महिनाभर पट्ट्या, कधी कातडे लावायची शस्त्रक्रिया. म्हणून टाच चाकात गेली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे, चालता येत असले तरी. मोटारसायकलला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी, धरायला पकड आणि पाय ठेवायला आधार असलाच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट नियम आहे. नवी गाडी घेतली की जाळी 'शोभत नाही' म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून टाकणारे मी पाहिले आहेत. ती पुन्हा बसवायला मेकॅनिक अर्धा तासही घेत नाही.

कायद्याचे थोडक्यात. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे, म्हणजे पहिलीतल्या मुलालाही. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० पेक्षा कमी वेग, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. आठवी-नववीतला मुलगा क्लासला गाडी घेऊन जातो याचे कौतुक सांगणाऱ्या बापांनी हे वाक्य दोनदा वाचावे. मला विचाराल तर दंडापेक्षा दुसरी भीती मोठी आहे. चौदा वर्षांच्या मुलाला गाडी चालवता येते, पण पुढे काय होऊ शकते याचा विचार करणारा मेंदूचा भाग अजून पक्का झालेला नसतो. हे धाडस किंवा वाईट वळण नव्हे, ते वय आहे.

आपल्या भागापुरते एक सांगितलेच पाहिजे, ते उसाचे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर शाळांवरून जातात, आणि मुले मागे धावत जाऊन ऊस उपसतात. मी स्वतः हे केले आहे आणि त्या उसासारखा गोड ऊस पुन्हा खाल्ला नाही. पण ट्रॉलीचा मागचा भाग ट्रॅक्टर चालविणाऱ्याला दिसत नाही, दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडाशी गेलेले मूल तर मुळीच दिसत नाही, आणि बहुतेक ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की ओरडलेले ऐकू जात नाही. शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी एवढी एकच गोष्ट सांगावी. ट्रॅक्टरवाल्यांनी शाळेच्या हद्दीत गाणे बंद करावे. त्यांच्यापैकी बहुतेकांची मुले कुठल्या ना कुठल्या शाळेत जातातच.

अपघात झाला की लोक आधी गतिरोधक मागतात. मागणी बरोबर आहे, पण आपल्याकडे गतिरोधक म्हणजे रात्रीतून घातलेला बांध असतो. त्याने दुचाकीस्वार पडतात, पाठीच्या मणक्याचे पेशंट मला मिळतात आणि आठ दिवसांत लोक त्याची कड खोदून गाडी जाण्यापुरती वाट करतात. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे. रस्त्याच्या लांबीत ३.७ मीटर रुंद आणि मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच, कासवाच्या पाठीसारखा. ताशी २५ वेगाने गेले तर सुखाने पार होता येते, जास्त वेगाने गेले तरच दणका बसतो. त्यावर पट्टे आणि अलीकडे सूचनेची पाटी हवी. ग्रामपंचायतीने वा नगरपालिकेने ठराव करताना हे माप ठरावातच लिहावे, म्हणजे ठेकेदाराला स्वतःची कल्पकता वापरावी लागणार नाही.

रिक्षा-व्हॅनवाल्या काकांविषयी फार लिहीत नाही. ते कोंबून मुले नेतात हे दिसते, पण दरमहा शंभर रुपये वाचावेत म्हणून जास्त मुले नेणारा काका आपणच शोधतो. एवढे मात्र माहीत असावे की महाराष्ट्रात २०११ साली स्कूल बसचे नियम झाले आणि त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात, पालक, वाहतूक पोलीस आणि आरटीओ यांचे प्रतिनिधी असतात. आपल्या शाळेतल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे पालकसभेत एकदा विचारून पाहावे. उत्तर मिळायला वेळ लागेल.

घरी काय शिकवावे? मुलाला बोट धरू देऊ नये, आपणच त्याचे मनगट धरावे. बोट सुटते, मनगट सुटत नाही. मूल आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये नको, आपल्या आतल्या बाजूला हवे. गाडीतून नेहमी डाव्या बाजूला उतरवावे. बस किंवा रिक्षातून उतरल्यावर तिच्या पुढून वा मागून न पळता ती निघून जाईपर्यंत थांबावे, हे शिकवायला आठवडा लागतो, पण जमते. ज्या रस्त्याला पायवाट नाही तिथे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालावे. पलीकडे उभे राहून मुलाला कधीही हाक मारू नये. माझ्याकडे आलेल्या दोन मुलांना त्यांच्या आयांनीच रस्त्याच्या पलीकडून 'ये गं लवकर' म्हणून बोलावले होते. आईची हाक आली की मूल रस्ता पाहत नाही, आईला पाहते.

आणि रस्त्यावर कोणाचेही मूल पडले तर? हातपाय धरून झोळी करून उचलू नये. मान वाकणार नाही असे, शक्य तर फळीवर किंवा दाराच्या झडपेवर, तीन-चार जणांनी सपाट उचलावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमालाची घडी करून जोराने दाबून धरावी, उघडून उघडून पाहू नये. तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा. पोलिसांच्या चौकशीला भिऊन लोक पुढे येत नाहीत, पण मदत करणाऱ्याला कायद्याने आता पूर्ण संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्यासंबंधीच्या सूचनांना बळ दिले आणि २०१९ साली ते मोटार वाहन कायद्यात आले. नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. डॉक्टरनेही पोलीस येईपर्यंत थांबायचे नसते, आधी उपचार करायचे असतात, हे परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच ठरलेले आहे. तरीही 'पोलीस केस आहे, पुढे न्या' म्हणणारे आमच्यात अजून आहेत, हे कबूल केले पाहिजे. केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. रुग्णालयात गेल्यावर विचारावे.

त्या २००४ च्या अपघातानंतर आम्ही काही पालकांनी मुख्याध्यापक सरांना भेटून एक उपाय केला होता. फार साधा. पहिली ते चौथीची मुले दहा मिनिटे आधी सोडायची. पालकांनी गाड्या फाटकापासून शंभर पावलांवर, देवळाच्या मैदानात लावायच्या. आणि शाळा भरताना व सुटताना दोन माणसांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून एक जाड दोरी आडवी धरायची. वाहने थांबली की मुले ओलांडणार, मग दोरी खाली. एक निवृत्त हवालदार दादा आणि एक बाई रोज उभे राहत. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या, नंतर ट्रकवालेही लांबूनच वेग कमी करू लागले. ते तीन-साडेतीन वर्षे चालले. त्या काळात त्या फाटकावरून माझ्याकडे एकही मूल आले नाही. हा काही मोठा अभ्यास नव्हे, माझ्या वहीतली नोंद आहे. पुढे हवालदार दादा वारले, सर बदलून गेले, देवळाच्या मैदानात गाळे झाले. दोरी शाळेच्या शिपायाच्या खोलीत अजून आहे, गेल्याच आठवड्यात जाऊन पाहिली. थोडी कुजली आहे, नवी घ्यावी लागेल.

नव्या मुख्याध्यापक बाई तयार आहेत. मैदानाऐवजी बाजार समितीच्या आवाराबाहेरची जागा सकाळ-संध्याकाळ अर्धा तास वापरता येईल असे दिसते. दोरी मी आणतो. सकाळची वेळ मी सांभाळीन, कारण दवाखाना अकराला उघडतो. संध्याकाळच्या साडेचार ते सव्वापाचसाठी दोन माणसे हवी आहेत, निवृत्त असली तर उत्तम. नाव कंपाउंडरकडे द्यावे.